मोटर थांबतच नाही, भाऊ! जुन्या पिनबॉलची घरच्या घरी दुरुस्ती

पंपाच्या स्टार्टरची आणि मिक्सरची पत्रं याही वेळी ढीगभर आहेत, त्यांना पुढच्या अंकात उत्तरं देतो. घाटंजी तालुक्यातल्या एका शिक्षकांनी पिनबॉल मशीनबद्दल लिहिलं, आणि त्याच विषयावरची आणखी दोन-तीन पत्रं माझ्याकडे आधीच पडून होती. म्हणून हे सगळं पान पिनबॉलला देऊन टाकलं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार पायांवर उभी एक पेटी, वर काच, काचेखाली आपल्याकडे उतरती लाकडी फळी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर जाते आणि खाली येताना खांबांवर, रबरांवर आपटत येते. घंट्या वाजतात, समोरच्या उभ्या पेटीतली आकड्यांची चाकं फिरतात. खाली दोन आखूड हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या बाजूची बटणं दाबून फ्लिपरने गोळी परत वर मारायची. बहिरमच्या यात्रेत खेळ लावणारे लोक जळक्या कॉइल भरायला, म्हणजे नव्याने तार गुंडाळून घ्यायला, माझ्या आर्वीच्या दुकानात आणत, तेव्हापासून माझी या यंत्राशी ओळख आहे. दिवसभर मोटरी भरणाऱ्या माणसाला एवढी खेळकर गोष्ट हातात आली की तो सोडत नाही.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचे आजोबा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. जिनिंग बंद पडलं तेव्हा मालकाच्या बंगल्यातलं पिनबॉल मशीन त्यांनी बंडीवर टाकून घरी आणलं. तेव्हापासून ते कोठ्यात, कुटाराच्या ढिगाशेजारी उभं आहे. काचेवर इंग्रजीत ‘गॉटलीब, शिकागो’ लिहिलेलं आहे, आकडे चाकांचे आहेत. सुट्टीत पोरं मागे लागली आहेत. त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. ॲडॉप्टर लावून बघू का?
(एक शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : नका लावू, गुरुजी. ॲडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. हे यंत्र शिकागोचं आहे, तिकडच्या घरात ११५-१२० व्होल्ट असतात. त्याला आपले २३० दिले की आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून सहाच्या जागी बारा व्होल्ट निघतील आणि चोविसाच्या जागी अठ्ठेचाळीस. बल्ब झटक्यात जातील, कॉइल त्यांच्या मागोमाग. परदेशी पाठवायच्या काही यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरला २२०-२४० ची वेगळी टोकं काढलेली असत. म्हणून पहिलं काम पेटी उघडून ट्रान्सफॉर्मरवरची चिठ्ठी वाचणं. चिठ्ठी उंदरांनी खाल्ली असेल तर ११५ चंच यंत्र आहे असं धरून चला.

उघडायचं असं. पुढच्या नाण्याच्या दारातून हात घालून आतला खटका सोडला की वरची लोखंडी पट्टी निघते, मग काच आपल्याकडे ओढून काढायची. काच टफन्ड असते. सपाट ठेवली तर दणका सोसेल, पण फरशीवर कोपरा टेकला की तिचा चुरा होतो. खाली गोणपाट घाला. गोळी आधी काढून घ्या, नाहीतर फळी उचलल्याबरोबर ती घरंगळत जाऊन मागच्या आकड्यांच्या काचेवर आदळेल. मग फळी पुढून उचलून टेकू द्या.

आत काय दिसेल ते मी इथे बसून सांगतो. कुटाराची भुकटी, उंदराच्या लेंड्या, रिलेच्या (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) दोन पत्त्यांमध्ये सुकून चिकटलेली पाल, आणि एखाद्या कॉइलच्या आडोशाला कुंभारमाशीचं मातीचं घर. हे घर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. माती कोरडीच असते, ब्रशच्या दांड्याने टोचली की ढेकळासारखी सुटते. पण तिचा बारीक चुरा खालच्या पॉइंटमध्ये, म्हणजे दोन पत्त्या टेकून वीज जोडतात त्या जागी, बसतो आणि मग तो पॉइंट काही केल्या जुळत नाही. म्हणून आधी खाली ओलं फडकं धरा, मग टोचा. बाकीची धूळ मऊ ब्रशने. कंप्रेसरची हवा जोरात मारू नका, आतल्या तारांवर कापडाचं वेष्टण असतं आणि इतक्या वर्षांत ते विरून गेलेलं असतं.

उंदरांनी कुरतडलेल्या तारा एकेक करून बघा. तार तुटली असेल तर रंग बघून त्याच रंगाला जोडा. वेष्टणाच्या रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असते, ती मोबाईलच्या उजेडात नीट दिसते. उघडण्याआधी फोटो काढून ठेवा, हे मी प्रत्येक पत्रात लिहितो आणि कोणी काढत नाही.

आता लाईनची बाजू. मूळ वायर दोनच पदराची असेल. ती काढून टाका आणि तीन पदराची घाला. अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला, नाण्याच्या दाराला आणि पायांना जोडा. पोरं अनवाणी, ओल्या सारवणावर उभी राहून खेळतील, म्हणून यात कसूर नको. ११५ चं यंत्र असेल तर २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात घरच्या लाईनची फेज सरळ यंत्रात पोचू शकते. क्षमता पाचशे व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) खाली नको. आपल्याकडे संध्याकाळी एकशे सत्तर आणि मध्यरात्री अडीचशे व्होल्ट येतात हे तुम्हाला सांगायला नको, त्याच्या आधी स्टॅबिलायझर घातलेला बरा.

पहिल्यांदा लाईन द्याल ती सिरीज बल्बमधून. कोणत्याही रिवाइंडिंगच्या दुकानात भिंतीवर असा बोर्ड असतो: एका होल्डरमध्ये शंभर वॅटचा साधा तारेचा बल्ब, आणि यंत्र त्याच्या सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब मिणमिणता राहिला तर सगळं ठीक. मिणमिणत्यावर यंत्र चालणार नाही, ते अपेक्षितच आहे. मग सिरीज काढून मीटरने बघा: बल्बांच्या सर्किटला सहा-साडेसहा व्होल्ट, कॉइलच्या सर्किटला चोवीस ते तीस. इतकेच आले पाहिजेत.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. सहा व्होल्टने काय होतं म्हणू नका. त्या सर्किटमध्ये दहा अँपिअर आरामात असतात, दोन तारांमध्ये अंगठी अडकली तर ती लाल होते, आणि लाल झालेली अंगठी बोटातून निघत नाही.

प्रश्न : भाऊ, फोनवर सांगितलं तसं सगळं केलं. दिवे लागले, घरात दिवाळी झाली. पण खेळ सुरू करायचं बटण दाबलं की तळातली मोटर घरघर करत फिरतच राहते. आकड्यांची चाकं टकटक करत शून्यावर येतात, एकच चाक सातावर अडकतं. गोळी काही बाहेर येत नाही. बंद करून चालू केलं तरी तेच. मोटर खराब झाली का?
(तेच शिक्षक)

उत्तर : मोटर चांगली आहे, गुरुजी. बिचारी वाट पाहते आहे.

शेतातल्या पंपाचा स्टार्टर तुम्ही पाहिला आहे. हिरवं बटण दाबून सोडलं तरी पंप चालू राहतो. काहून? बटणाने कॉइल ओढली गेली, आणि ओढल्या गेलेल्या कॉइलने स्वतःच्याच एका पॉइंटमधून स्वतःला लाईन चालू ठेवली. लाल बटण त्या वाटेत बसलेलं असतं, ते दाबलं की वाट तुटते. तुमचं पिनबॉल म्हणजे असे पुष्कळ छोटे स्टार्टर एकमेकांना जोडलेले. त्यात ना चिप, ना बोर्ड, ना प्रोग्रॅम. कोणती रिले कोणाला धरून ठेवते आणि कोणता पॉइंट तिला सोडवतो, एवढंच शोधायचं असतं. ज्याने स्टार्टर उघडून पट्ट्या घासल्या आहेत त्याला हे यंत्र येतं. उगाच परदेशी म्हणून दबकून बसायचं कारण नाही.

आता तुमच्याकडे काय होतंय ते बघा. बटण दाबलं की सुरुवातीची रिले ओढली जाते आणि मोटर चालू करते. मोटरच्या दांड्यावर खाचांच्या चकत्या आहेत. त्या फिरताना पॉइंट उघडझाप करतात आणि आकड्यांच्या चाकांना ठोके देतात. प्रत्येक चाकाच्या मागे शून्याचा एक पॉइंट असतो. चाक शून्यावर आलं की तो उघडतो आणि त्या चाकाचे ठोके थांबतात. सगळी चाकं शून्यावर आली की रिले सुटते, मोटर आपल्या घरच्या खाचेत येऊन थांबते आणि गोळी मिळते. तुमचं एक चाक सातावर अडकलंय. जोवर ते येत नाही तोवर मोटर बाकीच्यांना घेऊन उभी आहे.

तपास असा करा. पिन काढा. यात मोठे कपॅसिटर नसतात, पिन काढली की यंत्र थंड. अडकलेलं चाक बोटाने पुढे ढकलत शून्यावर आणा, ते एकाच दिशेला जाईल. आता पिन लावून बटण दाबा. मोटर थांबली, तर शून्याचा पॉइंट चांगला आहे आणि दोष चाक पुढे सरकवणाऱ्या भागात आहे. चाक शून्यावर असूनही मोटर फिरतच राहिली, तर शून्याचा पॉइंट उघडत नाही. या एका चाचणीने अर्धं काम होतं.

मला विचाराल तर पहिलं निघेल. सातावर अडकणाऱ्या चाकात बहुतेक वेळा जुनं ग्रीस असतं. कारखान्यात लावलेलं ते ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं. कॉइल दांडी ओढते, दांडी दात सरकवायला जाते आणि स्प्रिंगला ती परत आणवत नाही. बोटाने दांडी दाबून सोडा. खटकन परत आली पाहिजे. हळूच, झोपेतून उठल्यासारखी आली तर ग्रीसच. चाक उतरवून दांडीच्या खिळीतलं आणि दातांमधलं ग्रीस स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीच्या कापसाने काढा. फक्त आकड्यांना स्पिरिट लागू देऊ नका. ते छापलेले आकडे कापसाबरोबर निघून येतात, मग चाक फिरतं पण वाचता येत नाही.

आणि साफ झालं की तिथे तेल घालू नका. हे मी ठळक अक्षरात छापा म्हणून संपादकांना सांगणार होतो. आपल्याकडे काहीही अडकलं की पहिला हात तेलाच्या बुधलीकडे जातो, हल्ली स्प्रेच्या डब्याकडे. कॉइलच्या आतल्या नळीत दांडा कोरडाच फिरतो. तिथे तेल गेलं की धूळ बसते, उष्णतेने चिकटते आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिता. पॉइंटवर स्प्रे मारून लगेच लाईन दिली तर ठिणगीने तो पेटूही शकतो. तेलाचे दोन थेंब लागतात ते मोटरच्या बुशिंगला, तेवढेच. मोटर जरा सुस्त वाटली तर घाबरू नका. ती ६० सायकलवर चालायला केलेली आहे, आपली लाईन ५० ची, म्हणजे ती सहाव्या हिश्शाने हळूच फिरणार.

दुसरी शक्यता, शून्याचा पॉइंट. इथे जवळ जाऊन बघावं लागतं, चष्मा लावा. पितळी पत्त्यांची एक चवड असते, मध्ये मध्ये काळसर फायबरचे तुकडे, आणि टोकाला हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान चांदीची बिंदी. एका पत्तीला बिंदी वर, समोरच्या पत्तीला खाली. चाकाची खाच पत्तीला ढकलते तेव्हा दोन बिंद्यांमध्ये फट पडली पाहिजे. फट दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी. आणि मिटतात तेव्हा नुसत्या टेकून चालत नाही. टेकल्यावर दोन्ही पत्त्या मिळून अजून थोड्या पुढे सरकायला हव्यात. त्या सरकण्याने बिंद्या एकमेकींवर घासतात आणि स्वतःच साफ राहतात.

चवडीचे दोन स्क्रू आधी आवळा. लाकूड आणि फायबर आपल्या उन्हाळ्यात आक्रसतात, स्क्रू सैल होतात आणि सगळ्या पत्त्या आपली जागा सोडतात. लोक स्क्रू न आवळता पत्त्या वाकवत बसतात, मग आवळले की पुन्हा सगळं बिघडतं. आवळून झाल्यावर पत्ती वाकवायची ती बुडाजवळ, टोकाला नाही. पक्कडीने धरून मुरगाळू नका. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला टोकाशी खाच पाडा, ती पत्तीत अडकवून अलगद ढकला.

काळ्या पडलेल्या बिंद्यांना स्कूटरच्या सीबी पॉइंटची बारीक कानस चालते, पण हलक्या हाताने, एक-दोन वेळा. चांदीचा थर पातळ असतो. पॉलिश पेपर नको, त्याचे कण बिंदीत रुततात. माझी आवडती वस्तू जुनी लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, न छापलेल्या बाजूची पट्टी कापा, स्पिरिटमध्ये ओली करा, मिटलेल्या बिंद्यांमधून ओढा. काळी रेघ उमटेल. पांढरी पट्टी पांढरीच बाहेर येईपर्यंत करा. आणि बोटाने तपासू नका, घाम लागतो.

मीटरच्या बीपवर फार विश्वास ठेवू नका. उघडा असलेला पॉइंटही बीप देतो, कारण विजेला दुसऱ्या कॉइलमधून, बल्बमधून फिरून यायला वाट असते. दोन बिंद्यांमध्ये कोरडा कागद घाला आणि बीप तसाच आला, तर तो त्या पॉइंटचा नाही हे समजून घ्या. कागदाचा आणखी एक उपयोग: चालू यंत्रात एखादी रिले सुटत नसेल तर पिन काढून संशयित पॉइंटमध्ये कागद सरकवा, परत लाईन द्या. रिले सुटली तर चोर सापडला.

चाकं सगळी शून्यावर, पॉइंट उघडे, तरीही मोटर फिरते असं झालं तर मोटरच्या चकतीवरचा घरचा पॉइंट आणि सुरुवातीच्या रिलेचा स्वतःला धरणारा पॉइंट, हे दोन बघा. तिसरीकडे जायची वेळ येऊ नये.

प्रश्न : राम राम भाऊ. आमचा यात्रेत खेळ लावायचा धंदा आहे. विल्यम्स कंपनीचं जुनं मशीन आहे. डावा फ्लिपर मेलेल्या हाताने मारतो, गोळी अर्ध्यातून परत येते. उजवा परवा जळाला, धूर निघाला. कॉइलवर ‘एफएल-२१-३७५/२८-४००’ असं लिहिलंय. नवीन कुठे मिळेल की भरून होईल? दुसरं म्हणजे, गावात कोणी ना कोणी हा जुगार आहे म्हणून वाद घालतं.
(एक खेळवाले, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती)

उत्तर : राम राम दादा. डावा आणि उजवा, दोघांचा रोग एकाच जागी आहे.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं जोर लावायला, बारीक तारेचं धरून ठेवायला. बटण दाबलं की जोराचं वाइंडिंग फ्लिपर वर फेकतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की त्याच्या टोकाशी असलेला पॉइंट उघडतो आणि बारीक वाइंडिंग जाड्याच्या सिरीजमध्ये येतं. मग करंट एकदम कमी होतो, आणि पोराने बटण दाबून धरलं तरी कॉइल सांभाळली जाते. हा पॉइंट काळा पडला की जाड वाइंडिंगला पूर्ण लाईन मिळत नाही आणि फ्लिपर मेल्यासारखा मारतो. तो तुमचा डावा. पॉइंट उघडायचाच थांबला, पत्ती वाकली किंवा बिंद्या चिकटल्या, की जाडं वाइंडिंग बटण सुटेपर्यंत तापत राहतं. तो तुमचा उजवा. हा पॉइंट टंगस्टनचा असतो, चांदीपेक्षा कडक, इथे कानस जरा दाबून चालते. फ्लिपर पूर्ण वर असताना फट दोन-तीन मिलिमीटर ठेवा. डाव्यात आणखी एक बघा: आतली नळी झिजली किंवा दांड्याचं टोक फुलून मशरूमसारखं झालं तर तो नळीत घासतो. टोक कानसने गोल करा.

कॉइल भरून होईल, आणि तुमचं नशीब चांगलं की चिठ्ठी शाबूत आहे. तीच कॉइलची कुंडली आहे. २१ नंबरच्या तारेचे ३७५ वेढे, त्यावर २८ नंबरचे ४००. पण भरणाऱ्याला नुसते नंबर सांगू नका! ते नंबर अमेरिकन गेजचे आहेत आणि आपल्या दुकानांत तार मिळते ती एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजची. अमेरिकन २१ म्हणजे ०.७२ मिलिमीटर, आपली २१ म्हणजे ०.८१. जाड तारेचे तितके वेढे त्या बॉबिनवर मावणारच नाहीत. भरणारा मग वेढे कमी करेल, करंट वाढेल आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. २१ च्या जागी आपली २२ द्या, ती ०.७१ असते. २८ च्या जागी आपली ३०, कारण अमेरिकन २८ ही ०.३२ आणि आपली ३० ही ०.३१५. दोन्ही वाइंडिंग एकाच दिशेने. वार्निश पातळ, आणि नळीच्या आत थेंब जाता कामा नये. भरल्यावर तिचा ओहम चांगल्या बाजूच्या कॉइलशी ताडून बघा, दोन्हीत फार फरक नको.

फ्यूज उडत होता म्हणून तुम्ही त्यावर चांदी गुंडाळली असणार. दादा, ती आजच काढा. बिडीच्या बंडलातली असो की सिगारेटच्या पाकिटातली.

जुगाराचं म्हणाल तर हा वाद तुमच्या गावचा नाही, न्यूयॉर्कचा आहे. तिथे १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी आली आणि महापौर ला गार्डिया यांनी हातोड्याने मशीन फोडतानाचे फोटो निघाले. तेव्हाच्या यंत्रांना फ्लिपर नव्हते, गोळी सोडली की पुढचं सगळं नशीब. फ्लिपर आले १९४७ मध्ये, याच गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाच्या यंत्रात. तरी बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने नगर परिषदेसमोर यंत्र खेळून दाखवलं, गोळी कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तिथूनच घातली. हे गावात सांगा. पण मशीनवर पैज लावू देऊ नका आणि जिंकणाऱ्याला रोख देऊ नका. खेळणाऱ्याला खेळ जास्त मिळाला, एवढंच बक्षीस.

प्रश्न : भाऊ, सासऱ्यांच्या आवडीचं पिनबॉल आम्ही दुरुस्त करून बैठकीत ठेवलं आहे. चालतं छान, पण समोरच्या उभ्या काचेवरच्या चित्राचा रंग पोपडे होऊन सुटतोय. काच पुसू का? बल्बही सारखे जातात, एलईडी लावले तर चालतील का? आणि गोळी डावीकडेच जाते.
(एक गृहिणी, अचलपूर)

उत्तर : ताई, काच बाहेरून खुशाल पुसा, आतून बोटही लावू नका. चित्र काचेच्या आतल्या बाजूवर छापलेलं आहे. ओलं फडकं फिरवलं की चेहरेच फडक्यावर येतील. आधी चांगल्या उजेडात मोठे फोटो काढून ठेवा. पोपडे सुटायचं कारण मागचे बल्ब. ते तापतात, थंड होतात, काच फुगते-आक्रसते, रंग तेवढा ताणला जात नाही. त्यात अचलपूरचा मे महिना. भिंतीपासून दूर, कूलरच्या ओल्या झोतात न येईल असं ठेवा.

मूळचे बल्ब ४४ नंबरचे असतील, ते पाव अँपिअर घेतात. त्याच टोपीचा ४७ नंबर दीडशे मिलिअँपिअर घेतो. चाळीस बल्ब असतील तर दहा अँपिअरच्या जागी सहा. ट्रान्सफॉर्मर थंड, काच थंड, उजेडात फारसा फरक नाही. एलईडी चालतात, पण इथे सहा व्होल्ट एसी असतात, त्यामुळे एसीवर चालणारेच मागा. साधे घातले तर डोळ्यांपुढे लुकलुकतात. मला स्वतःला जुन्या चित्रामागे एलईडीचा निळसर पांढरा उजेड आवडत नाही, पिवळसर घ्या. बल्ब सारखे जात असतील तर आधी रात्रीचे व्होल्ट मोजा.

गोळीचं सोपं आहे. गवंड्याकडून पाणसाळ आणा, आडवी ठेवा आणि पायांचे स्क्रू फिरवून फळी डावी-उजवी बरोबर करा. पुढे-मागे उतार साडेतीन अंशांच्या आसपास, म्हणजे मीटरभर लांबीला सहा सेंटिमीटर. उतार बदलला की पेटीच्या आत डाव्या भिंतीवर एक छोटा ओळंबा लटकलेला दिसेल, तोही बघा. यंत्र हलवून गोळी वळवणाऱ्याचा खेळ तोच बंद करतो. तो त्याच्या कड्याच्या बरोबर मध्ये लटकला पाहिजे, नाहीतर कोणी दार आपटलं तरी खेळ संपेल. गोळीवर खड्डे असतील तर बदला, ती फळीवरचा रंग खाते. माप एक पूर्णांक एक सोळांश इंच, म्हणजे २७ मिलिमीटर, वजन ८० ग्रॅमच्या आसपास.

प्रश्न : काका, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे पिनबॉल आहे. आकडे चाकांचे नाहीत, नारिंगी उजेडाचे आहेत. तो किलोच्या भावाने देतो म्हणतो. घेऊ का? तुमचंच वाचून दुरुस्त करेन.
(एक विद्यार्थी, ता. काटोल, जि. नागपूर)

उत्तर : बेटा, घे, पण वर लिहिलेलं त्यातलं निम्मंच तुला लागेल. नारिंगी आकडे म्हणजे ते १९७७ च्या आसपासचं किंवा नंतरचं, बोर्डवालं यंत्र. फ्लिपर, बंपर (गोळी आपटते ते खांब), पॉइंट, ओळंबा सगळं तसंच, पण मेंदूची जागा रिलेंऐवजी बोर्डाने घेतलेली. त्या नारिंगी आकड्यांना दीडशेच्या वर डीसी व्होल्ट लागतात आणि तिथे कपॅसिटर असतात. पिन काढली म्हणून लगेच हात घालायचा नाही. मीटरने उतरलेले बघायचे, मग हात.

पैसे देण्याआधी मागची, आकड्यांची उभी पेटी उघडायला लाव. मुख्य बोर्डवर बॅटरी सोल्डर केलेली असेल. ती गळून तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी आली असेल, तर बुरशी कुठपर्यंत गेली ते बघ. बॅटरीच्या आसपासच थांबली असेल तर बॅटरी काप, व्हिनेगरने धू, मग पाण्याने, मग स्पिरिटने, आणि खालच्या पट्ट्या तुटल्या असतील तर तारा ओढ. चिपच्या सॉकेटमध्ये शिरली असेल तर तो बोर्ड गेलेला धर आणि बाकीच्या यंत्राचाच भाव कर. काच शाबूत आहे का, चारही पाय आहेत का, मागच्या पेटीच्या चाव्या आहेत का, ते बघ. चाव्या बहुतेक नाण्याच्या दाराच्या आत एका हुकाला टांगलेल्या असतात.